तळ : १८ सेंटिमीटर

सकाळी साडेसहा

डबा नऊच्या आत घराबाहेर पडतो, म्हणून मापं आत्ताच घ्यायची. तीन पुडांचा स्टीलचा डबा, दोन्ही अंगांना कड्या, वर मूठ. असल्या गोल वस्तूवर पट्टी आडवी धरून व्यास मोजायला गेलं की दर वेळी वेगळा येतो. त्यापेक्षा वर्तमानपत्राची एक पट्टी डब्याभोवती गुंडाळावी, टोक जिथे येतं तिथे पेनानं खूण करावी आणि पट्टी सरळ करून मोजावी. ४४ सेंटिमीटर. भागिले ३.१४, म्हणजे व्यास १४. पण पिशवीत नुसता डबा जात नाही, कड्याही जातात, आणि या कडीपासून त्या कडीपर्यंत साडेपंधरा भरतात. मूठ मिटून उंची २१.

पिशवीच्या तळाचा शिवून झाल्यावरचा व्यास १८ धरला. अडीच सेंटिमीटरची मोकळीक. त्यातली थोडी फोम आणि अस्तर खाणार, उरलेली सकाळच्या घाईत डबा कोंबणाऱ्या हातासाठी. ती किती ठेवायची याला सूत्र नाही. आमच्या घरात डबा कोण आणि कसा भरतं, हे मला माहीत आहे तेवढ्यावर हा आकडा उभा आहे.

साडेआठ

मी पिशव्या विकत नाही, पिशव्यांचे कागदी फर्मे विकते. त्यातही कागद माझा नसतोच. मी पीडीएफ पाठवते. घेणारी बाई आपल्या घरी किंवा कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे तो छापते, कापते, कापडावर ठेवून बेतते. एकोणिसाव्या शतकात, १८६३ च्या सुमाराला, अमेरिकेत एबेनेझर बटरिक यानं वेगवेगळ्या मापांचे कागदी फर्मे विकायला सुरुवात केली तेव्हा पातळ कागदावर एक अक्षरही छापलेलं नसे. नुसते कापलेले तुकडे आणि त्यांवर खुणांची भोकं. पण एक सुख होतं: कागद त्याच्याकडूनच कापून जात होता. माझ्या धंद्यात शेवटचं काम अनोळखी माणसाचा अनोळखी प्रिंटर करतो. दिवसातला माझा अर्ध्याहून जास्त वेळ त्या प्रिंटरचा विचार करण्यात जातो. पिशवीचा विचार त्या मानानं लवकर संपतो.

रेखाटनासाठी इंकस्केप वापरते. २००३ साली सोडीपोडी नावाच्या प्रकल्पातून फुटून निघालेला हा प्रोग्रॅम फुकट आहे आणि मुळात चित्रकारांसाठी केलेला आहे. कपड्यांच्या फर्म्यांसाठी व्हॅलेंटिना आणि सीमली असे खास प्रोग्रॅम आहेत. त्यांत छाती, कंबर, उंचीचे आकडे बदलले की साऱ्या रेषा आपापल्या सरकतात. अंगावरच्या कपड्याला ती सोय हवीच. डब्याला मात्र कंबर नसते. पिशवीचे तुकडे म्हणजे आयत, गोल आणि कोपरे गोलावलेले आयत. त्यांना इंकस्केप पुरून उरतो.

नवी फाइल उघडली की रेषा ओढायच्या आधी दोन कामं. एकक मिलिमीटर करायचं. आणि सेटिंगमध्ये जाऊन ‘जिओमेट्रिक बाउंडिंग बॉक्स’ निवडायचा. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना हे दुसरं काम सगळ्यात उशिरा पटतं. इंकस्केप आपणहून आकाराचं माप सांगतो ते रेषेच्या जाडीसकट. १८० मिलिमीटरच्या गोलाला एक मिलिमीटर जाडीची रेषा दिली असेल, तर तो १८१ दाखवतो. आपण हौसेनं त्या रकान्यात १८० भरलं की खरा गोल १७९ चा होऊन बसतो. चित्रकाराला रेषेची जाडी हा चित्राचाच भाग वाटणार. बेतणाऱ्याला मात्र रेषेची जागा तेवढी हवी असते, जाडी नको.

मग थर. माझ्या फाइलींत चार थर ठरलेले : टीप, कापणी, खुणा, मजकूर. टीप म्हणजे सुई जिथून जाणार ती रेषा, आणि ती पहिली. टेलरिंगच्या क्लासात चौथाई अधिक अमुक इंच अशी मापं पाठ होतात, मार्जिन त्यातच मिसळलेलं असतं. ब्लाउजला ते चालतं. उसवता येतं, दाबता येतं, अंगावर बसवून पाहता येतं. गोल तळाला नाही चालत.

हिशोबच पाहा. तळाचा टिपेवरचा गोल १८ सेंटिमीटरचा, त्याचा परीघ ५६.५५. बाहेर एक सेंटिमीटर मार्जिन सोडलं की कापायचा गोल २० चा होतो आणि त्याची कड ६२.८३ भरते. फरक ६.२८. गोल वाटीएवढा असो नाहीतर परातीएवढा, एक सेंटिमीटर मार्जिनला हा फरक कायम तेवढाच राहतो, कारण तो दोन गुणिले पाय गुणिले मार्जिन इतकाच असतो. आता पिशवीचं अंग, म्हणजे एक लांब आयत, यातल्या कुठल्या कडेशी जुळवायचं? कापलेल्या कडेशी जुळवलं तर अंग सहा सेंटिमीटर जादा होतं आणि तेवढं कापड तळाशी चुण्या होऊन बसतं. पुष्कळ घरगुती पिशव्यांच्या तळाशी ज्या चुण्या दिसतात त्या बाईच्या हाताचा दोष म्हणून खपतात. असतात त्या बऱ्याचदा फर्म्यातल्या. टिपेशी जुळवलं तर अंग ५६.५५ चं, वर दोन्ही कडांना एकेक सेंटिमीटर, म्हणजे ५८.५५. मग अंगाची खालची कड तळाच्या कडेपेक्षा आखूड पडते. तिला कात्रीनं बारीक कट दिले की ती पसरते आणि टिपेवर टीप बसते.

कट कुठे द्यायचे ते सांगितलं नाही तर माणूस अंदाजानं देतो. म्हणून खुणांच्या थरात परिघाचे आठ सारखे भाग, प्रत्येक ७.०७ चा, आणि तळावर व अंगावर समोरासमोर आठ खाचा. कापणीची रेषा हातानं काढायची गरज नसते. टिपेच्या रेषेला ‘ऑफसेट’ लावून दहा मिलिमीटर म्हटलं की ती बाहेरून उमटते, आणि टीप बदलली की मागोमाग बदलते. एवढ्या एका सोयीसाठी मी खाकी कागद, फूटपट्टी आणि फ्रेंच कर्व्ह बाजूला ठेवले.

दहा

चहा. आणि चहाबरोबर एक अवांतर.

पडद्यावर जो गोल दिसतोय तो पीडीएफमध्ये गोल राहत नाही. पीडीएफला गोल ठाऊकच नाही; त्याला सरळ रेषा कळतात आणि बेझिए वक्र कळतात. हे वक्र फ्रान्समधल्या मोटारींच्या कारखान्यांतून आले. सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेलजो १९५९ च्या आसपास त्यांवर काम करत होते, रेनोमध्ये पिएर बेझिए साठच्या दशकात. गाडीच्या पत्र्याचे बाक कागदावर नेमके कसे मांडायचे हा दोघांचा प्रश्न. नाव बेझिएंचं लागलं, कारण सित्रोएननं आपलं काम कुलपात ठेवलं होतं. असे चार वक्र जोडून जो गोल होतो तो खऱ्या गोलापासून त्रिज्येच्या फार तर ०.०३ टक्के ढळतो. माझ्या कापायच्या गोलाची त्रिज्या १०० मिलिमीटर, म्हणजे चूक मिलिमीटरच्या तीन शतांशांएवढी. शिलाईचा दोरा त्याहून जाड असतो. पत्र्याचा गोल आणि कापडाचा गोल यांच्यात एवढं अंतर आहे की या बाबतीत मी कधी डोकं शिणवत नाही.

साडेदहा

आता तुकडे कागदावर मांडायचे. हा भाग कुणी शिकवत नाही, आणि माझ्या मते फर्मा चांगला की वाईट हे इथेच ठरतं.

आपल्याकडे छपाईचा कागद ए-४ : २१० बाय २९७ मिलिमीटर. अमेरिकेत आणि कॅनडात लेटर : २१५.९ बाय २७९.४. म्हणजे आपला कागद अरुंद पण उंच, त्यांचा रुंद पण बुटका. माझ्या गिऱ्हाइकांत मराठी बायका जास्त, आणि त्यातल्या बऱ्याच तिकडे राहतात. दोघींसाठी दोन फाइली करता येतात. मग एकीला दुसरीची फाइल जाते आणि गोंधळ होतो. मी दोन्ही कागदांत मावणारी एकच चौकट धरते : १९० बाय २५४ मिलिमीटर. ए-४ वर बाजूंना एक सेंटिमीटर आणि वरखाली दोनहून थोडं जास्त कोरं राहतं. लेटरवर चारी बाजूंना सव्वा सेंटिमीटरच्या वर. घरगुती प्रिंटर कागदाच्या अगदी काठापर्यंत छापत नाहीत, त्यांना एवढं अंतर पुरतं.

अंग ५८.५५ सेंटिमीटर. तीन कागद शेजारी लावले तर १९ त्रिक ५७. दीड सेंटिमीटरसाठी चौथा कागद! अशा वेळी नवख्या माणसाला मार्जिन कमी करावंसं वाटतं. त्याऐवजी तुकडा घडीवर द्यायचा. निम्मं अंग २८.२७ अधिक एक, म्हणजे २९.२७, दोन कागदांत आरामात बसतं. उंची मार्जिन धरून २५, चौकट २५.४. चार मिलिमीटर शिल्लक. तळाचा गोल २० सेंटिमीटरचा, १९ च्या चौकटीत तो मावत नाही, म्हणून तोही घडीवर अर्धा : २० बाय १०, उभा ठेवला की खाली मोजणीच्या चौकोनासाठीही जागा राहते. सगळा फर्मा तीन कागदांत आला.

नाडीची पट्टी आणि धरायचे दोन पट्टे मी छापत नाही. ते निव्वळ आयत आहेत. ५८.५५ बाय १४ ची पट्टी, ८ बाय ४० चे दोन पट्टे, चौघडी घालून दोन सेंटिमीटरचे होणारे. एवढं तक्त्यात लिहिलं की झालं. काही जणी म्हणतात, पैसे दिलेत तर सगळे तुकडे छापून पाहिजेत. आयत छापायला तीन-चार कागद जादा लागतात, ते चिकटवताना वाकडे होतात आणि मग आयत आयत राहत नाही. पट्टीनं थेट कापडावर आखलेला आयत जास्त खरा येतो. या मुद्द्यावर मी बधत नाही.

इंकस्केपमध्ये १.२ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, एका फाइलीत अनेक पानं ठेवता येतात. त्याआधी दर पान वेगळं काढून मग जोडत बसावं लागे. दोन पानांच्या सांध्यावर मी चौकटीच्या कडेला हिरकणीच्या आकाराची खूण ठेवते, अर्धी या पानावर, अर्धी त्या, आत अक्षर : क ला क जुळवा. नुसती सरळ रेषा जुळवायला दिली तर कागद वरखाली सरकला तरी कळत नाही. हिरकणी तुटली की लगेच दिसतं.

सव्वाबारा

घरी माझा प्रिंटर आहे. तरी पहिली प्रत मी मुद्दाम बाहेर छापते, कारण गिऱ्हाईकही तिथेच जाणार असतं. झेरॉक्सच्या दुकानात परीक्षांच्या अर्जांची गर्दी. मी फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, ‘डॉक्युमेंट’ म्हणून. फोटो म्हणून पाठवली तर मापाचा सत्यानाश होतो, हे माझ्या सूचनांत पहिल्या ओळीत ठळक लिहिलेलं असतं.

“काकू, कडेला पांढरं सुटतंय. फिट टू पेज करू का?”

“नको रे, अ‍ॅक्च्युअल साइज ठेव. शंभर टक्के.”

“शंभरच आहे. फिट केलं की छान भरून येतं.”

त्याचं चूक नाही. त्याच्याकडे येणाऱ्या शंभरातल्या नव्व्याण्णवांना कागद छान भरून आलेला हवा असतो. मी म्हटलं तसं करून दे म्हणून त्यानं दिलं, आणि मग मी त्याला म्हटलं, आता तुझ्या मनासारखं एक काढ. त्या प्रतीचे पैसेही दिले. ती मला हवीच होती.

प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानावर मोजणीचा चौकोन असतो. माझ्याकडे दोन असतात, एक पाच सेंटिमीटरचा आणि एक दोन इंचांचा. एकच ठेवला तर पाचाच्या चौकोनाला इंची टेप लावून, दोन इंचाला जरासा कमी भरतोय, म्हणून तक्रार येते. ते बरोबरच असतं : पाच सेंटिमीटर म्हणजे १.९७ इंच. आमच्याकडे कापड मीटरनं मिळतं, चेन इंचात मिळते, पन्हा इंचात सांगतात. दोन्ही मापं एकाच डोक्यात नांदत असतात, तेव्हा दोन्ही चौकोन द्यावेत हे उत्तम.

दुकानातल्या काउंटरवरच मोजलं. पहिल्या प्रतीत पाच म्हणजे पाच. दुसरी प्रत भरून यायची सोडून उलट आक्रसली होती : साधारण ४.८५, म्हणजे ९७ टक्के. हा आकडा मोठा फसवा आहे. चौकोन डोळ्यांनी पाहून तीन टक्के कळत नाहीत. अंग आणि तळ दोन्ही सारखेच आक्रसतात, म्हणून एकमेकांत बिनबोभाट शिवलेही जातात. तळ १७.४६ चा होतो, फोम-अस्तर घातल्यावर डबा कसाबसा जातो, आणि दोष फर्म्यावर येतो. पण नाडीची पट्टी छापलेली नाही, ती तक्त्यावरून ५८.५५ कापलेली असते, आणि आक्रसलेलं अंग असतं ५६.८ चं. पिशवीचं तोंड शिवायच्या वेळी पावणेदोन सेंटिमीटर पट्टी लोंबत उरते. आयत न छापण्याचा हा एक न सांगितलेला फायदा : ज्या बाईनं चौकोन मोजला नाही, तिला निदान तोंडापाशी शंका येते. दुसरी प्रत मी त्यासाठीच जपून ठेवते, क्लासमध्ये दाखवायला.

दीड

जेवण. मध्येच एका शिष्येचा फोन : माझा २० चा गोल १८.७५ कसा झाला? फाइल जुन्या संगणकावरची होती. ०.९२ या आवृत्तीपर्यंत, म्हणजे २०१७ पर्यंत, इंकस्केपमध्ये एक इंच म्हणजे ९० एककं होती, मग ती ९६ झाली. जुनी फाइल उघडताना प्रोग्रॅम विचारतो, माप जुळवून घेऊ का. तिनं न वाचता खिडकी बंद केली होती. नव्वद भागिले शहाण्णव गुणिले वीस, १८.७५. तिला गणित सांगितल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. ताकाचा पेला मात्र तोवर मांजरानं.

अडीच

कागद चिकटवायचे ते सेलोटेपनं, पण आधी सांध्यावर एकाच कागदाची कोरी कड कापायची. दोन्ही कापल्या की चिकटवायला काही उरत नाही. अर्धं अंग घडीवर ठेवून मांजरपाटातून नमुना कापला. बाणाची खूण उभ्या धाग्याकडे. पिशवीला उभा-आडवा धागा काय करायचाय, असं पुष्कळांना वाटतं. भरलेला डबा उचलला की आडव्या धाग्यावर बेतलेला पट्टा महिन्याभरात लांबतो, तेव्हा पटतं.

खरं काम अस्तराचं. बाहेरचं कापड आणि अस्तर यांच्यामध्ये तीन मिलिमीटरचा फोम येणार. फोम दोन्ही बाजूंनी आत सरकतो, म्हणजे आतला व्यास सहा मिलिमीटरनं घटायला हवा, परीघ १.८८ सेंटिमीटरनं. गणितानं अस्तराचा तळ १७.४ चा येतो. पण फोम म्हणजे पत्रा नव्हे, टिपेखाली तो दबतो आणि टिपेपासून दूर फुगतो. नमुन्यात १७.४ चं आणि १७.५ चं अशी दोन अस्तरं शिवून घालून पाहिली. १७.४ चं ताणून बसतं, आणि बाहेरच्या अंगाला आत ओढतं. उजेडात धरलं की कमरेत आवळल्यासारखं दिसतं. १७.५ चं सैलसर, तळाशी एक बारीक वळी पडते, पण डबा ठेवला की ती जाते. १७.५ पक्कं.

संगणकानं या निवडीत काही मदत केली नाही आणि करायची अपेक्षाही नाही. तो मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत नेमका राहतो. कुठे नेमकं राहायचं नाही हे शिलाई मशीनपाशी बसून कळतं. माझ्या ओळखीत असे फर्मे काढणारे आहेत जे नमुना शिवतच नाहीत, पडद्यावर जुळलं की विकायला काढतात. त्यांच्या रेषा माझ्यापेक्षा देखण्या असतात.

साडेचार

रविवार पेठ. बोहरी आळीत नाडीची दोरी, दोरीला लावायचे प्लास्टिकचे स्टॉपर आणि फोम घ्यायचा होता. लक्ष्मी रोडची गर्दी टाळून मागच्या गल्लीनं आत शिरले. ज्यांच्याकडे मी अधूनमधून जाऊन बसते ते मास्तर शाळेची दप्तरं आणि प्रवासी बॅगा शिवतात. त्यांच्या भिंतीवर पुठ्ठ्याचे आणि हार्डबोर्डाचे फर्मे खिळ्यांना टांगलेले, वापरून कडा काळ्या झालेल्या. एकावरही मार्जिनची रेषा नाही, खाच मात्र प्रत्येकावर आहे.

माझे तीन कागद त्यांनी उलटेपालटे करून पाहिले.

“ताई, ही तुटक रेघ कशाला? कारागिराला माहीत असतं किती दाबायचं.”

“घरी शिवणारीला नसतं ना, मास्तर.”

“मग तिला पुठ्ठा द्या. कागद सरकतो. खडूनं आखताना कड दुमडते.”

हे मात्र खरं. मी म्हटलं, पुठ्ठा पोस्टानं पाठवला तर पिशवीपेक्षा पाठवणावळ जास्त होईल. त्यांनी मान हलवली, आणि मग असं काही सांगितलं जे संध्याकाळी सूचनांत गेलं : कागद जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कार्डावर, किंवा कॅलेंडरच्या पाठीवर चिकटवून मग कापायचा. आणि तळाचा गोल घडीवर देऊ नका, म्हणाले. जाड कापडाची घडी घातली की वरचा थर आणि खालचा थर सारखे कापले जात नाहीत, गोलाचं अंडं होतं. कागद घडीवर छापा, हवं तर दोनदा छापून पूर्ण गोल जोडा, पण कापड सपाट ठेवून एकेरी कापा. अंगाच्या आयताला घडी चालते, गोलाला नाही.

कॅनव्हासचा पन्हा ५८ इंची होता, म्हणजे १४७ सेंटिमीटर. त्यात शेजारी शेजारी दोन अंगं आणि एक तळ बसतो. सुती कापडाचा ४४ इंची पन्हा घेतला तर ११२ मध्ये एकच अंग, उरलेल्यात तळ आणि पट्टे. कापड किती लागेल हे सांगताना दोन्ही पन्हे लिहायचे, हे तिथेच उभ्या उभ्या फोनमध्ये टिपून घेतलं.

सात

मजकुराचा थर. फर्म्यावरची अक्षरं मराठीत ठेवायचा माझा आग्रह असतो : अंग, तळ, अस्तर, घडी, उभा धागा. टंक मुक्ता, मुंबईच्या ‘एक टाइप’नं केलेला, कुणालाही वापरायला खुला. अक्षरं लहान केली तरी मात्रा-वेलांट्या चिकटत नाहीत. इंकस्केप जोडाक्षरं नीट जोडतो. पण पीडीएफ कुणाच्या कुठल्या फोनवर, कुठल्या प्रोग्रॅममधून उघडेल याचा भरवसा नसतो. ‘अस्तर’ चं ‘अस् तर’ झालेलं पाहायला नको, म्हणून फर्म्याच्या तीन पानांवरची अक्षरं मी शेवटी रेषांमध्ये बदलून टाकते. मग ती अक्षरं राहत नाहीत, आकार होतात. हलत नाहीत, पण शोधताही येत नाहीत. म्हणून शिवायच्या सूचनांची पानं वेगळी, साध्या मजकुराची. एखादीला ती मोठ्या अक्षरांत वाचायची असतात, एखादी फोनकडून वाचून घेते.

तळाच्या पानावर मास्तरांची सूचना घातली. रेषा पातळ केल्या, ०.३ मिलिमीटर. जाड रेषेवर कापायचं म्हटलं की आतून की बाहेरून हा प्रश्न उरतो. टीप तुटक करडी, कापणी सलग काळी. रंग वापरत नाही, कारण झेरॉक्सवाला काळंपांढरंच काढणार.

साडेआठ

न्यू जर्सीत सकाळचे अकरा. मामेभावाची बायको माझे फर्मे आधी शिवून पाहते. लेटर कागदावरचं माझं सगळं ज्ञान तिच्या प्रिंटरमधून आलेलं आहे. दुपारी पाठवलेले तीन कागद तिनं छापून, चौकोन मोजून, चिकटवून ठेवले होते.

“ताई, दोन इंच बरोब्बर. हिरकण्याही जुळल्या. पण क ची वरची कड कागदाच्या काठाच्या अगदी जवळ आहे हं.”

“सव्वा सेंटिमीटर आहे वहिनी. छापली गेली ना?”

“गेली. फक्त सांगितलं.”

मग तिनं तिचा प्रश्न काढला. तिच्याकडचा डबा चार पुडांचा आहे, भारतातून नेलेला, जाडी तीच. फर्मा वाढवता येईल का? प्रिंटरमध्ये टक्के वाढवू का, असं ती विचारणार हे मला ठाऊक होतं, आणि तिनं विचारलंच. टक्के वाढवले तर तळही वाढेल आणि डबा पिशवीत गडगडत राहील. वाढवायची ती फक्त उंची. त्यासाठी अंगाच्या तुकड्यावर, वरच्या कडेखाली आठ सेंटिमीटरवर, एक आडवी रेषा घालावी लागेल : इथे कापा, दोन्ही भाग एक पूड जितका उंच तितके दूर ठेवा, मधल्या जागेत कागद लावा. तिचं पूड सात सेंटिमीटरचं. अंग २५ चं ३२ होईल, चौकटीच्या बाहेर जाईल, पण ते छापायचं नाहीच, मधली पट्टी साध्या कोऱ्या कागदाची. तळ, नाडीची पट्टी, पट्टे तसेच. अस्तराच्या अंगालाही तीच रेषा, नाहीतर बाहेरची पिशवी चार पुडांची आणि अस्तर तीन पुडांचं.

“आणि फोम?”

फोमही सातनं उंच, म्हटलं. आणि चार पुडं भरून उचलणार असशील तर पट्टे तोंडाला नुसते टाचू नकोस. खाली तळापर्यंत नेऊन अंगावर शिव. ४० चे नको मग, ९० चे काप. ती म्हणाली, थांब, लिहून घेते. मी फाइल पुन्हा उघडली.